पंचवीस फेऱ्यांचा हिशेब

मुंबई-गोवा महामार्गावरील कोलाड नाक्यावरून रोह्याला जाणारा रस्ता तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. हे अंतर सुमारे दहा-बारा किलोमीटरांचे. चालत निघालात तर दोन तास तरी हवेत. आता अशी कल्पना करा, की त्यातले दहा किलोमीटर एकाने न थांबता अर्ध्या तासात धावून काढले. तुम्ही म्हणाल, काय त्याच्या पायांतले बळ! परंतु नुसत्या बळावर हे साधत नाही. त्यामागे एक काटेकोर हिशेब असतो. तो आज आपण मांडून पाहू.

दहा हजार मीटरांची शर्यत ४०० मीटरांच्या धावपट्टीवर होते, म्हणजे २५ फेऱ्या. जगातील विद्यार्थी खेळाडूंसाठी जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा भरतात. १९५९ साली इटलीतील तुरिन येथे त्यांची सुरुवात झाली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तैवानमधील तैपेई येथे झालेल्या स्पर्धांत नाशिक जिल्ह्याच्या संजीवनी जाधवने महिलांच्या १०,००० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले. तिची वेळ होती ३३ मिनिटे २२ सेकंद, म्हणजे २,००२ सेकंद. याला २५ ने भागा. दर फेरीला ८० सेकंद, आणि वेग सेकंदाला जवळजवळ ५ मीटर!

पुरुषांचा वेग याहून अधिक असतो. युगांडाच्या जोशुआ चेप्तेगेईने २०२० साली स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे २६ मिनिटे ११ सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्याला एका फेरीस ६३ सेकंदही लागले नाहीत. गंमत अशी, की पहिले ५,००० मीटर त्याने सुमारे १३ मिनिटे ८ सेकंदांत आणि पुढचे १३ मिनिटे ३ सेकंदांत पार केले. दोन्ही भागांत फरक अवघा पाच सेकंदांचा. एवढा सारखा वेग का बरे ठेवायचा? सुरुवातीला ताजेतवाने असतानाच जोरात का धावू नये?

प्रथम प्राणवायूचा हिशेब पाहू. धावताना माणसाला दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी ऊर्जा लागते. धावपटूचे वजन ६० किलोग्रॅम धरले, तर १० किलोमीटरांना ६०० किलोकॅलरी. एक लिटर प्राणवायू वापरून शरीर सुमारे ५ किलोकॅलरी ऊर्जा मिळवते. म्हणजे एकूण १२० लिटर प्राणवायू हवा. शर्यत ३० मिनिटांची असेल, तर मिनिटाला ४ लिटर. हा प्राणवायू स्नायूंपर्यंत पोचवते रक्त. एक लिटर रक्तात जेमतेम २०० मिलिलिटर प्राणवायू मावतो, आणि तोही सगळा काढून घेता येत नाही. म्हणून हृदयाला मिनिटाला सुमारे २५ लिटर रक्त ढकलावे लागते. तुम्ही हा लेख वाचत बसला आहात, तेव्हा तुमचे हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलत आहे!

या पुरवठ्यापेक्षा अधिक वेग घेतला तर? मग स्नायू प्राणवायूवाचूनच शर्करेपासून ऊर्जा काढू लागतात. ही ऊर्जा झटपट मिळते, पण थोडीच, आणि स्नायूंतील आम्लता वाढते. पूर्वी साऱ्या थकव्याचा दोष लॅक्टिक आम्लाला देत असत. आता कळले आहे, की लॅक्टेट हे शरीराचे एक इंधनही आहे. तरीही उधारी ती उधारीच. पहिल्या चार फेऱ्यांत काढलेली उधारी पुढच्या एकवीस फेऱ्यांत फेडावी लागते. म्हणून जाणता धावपटू ही उधारी शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवतो.

आता उष्णतेचा हिशेब. त्या ६०० किलोकॅलरींपैकी निदान तीन-चतुर्थांश, म्हणजे ४५०, उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात. ६० किलोग्रॅमच्या शरीराचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढायला सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. भागाकार करा. शरीर थंड होण्याची सोय नसती, तर अर्ध्या तासात तापमान ९ अंशांनी वाढले असते. माणूस जगलाच नसता!

ही सोय म्हणजे घाम. एक लिटर घामाची वाफ होताना तो सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. परंतु अट एकच, घाम वाळला पाहिजे. पावसाळ्यात कोलाडसारख्या कोकणातल्या गावी दांडीवर टाकलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. ज्या दमट हवेत कपडे वाळत नाहीत, त्या हवेत घाम तरी कसा वाळणार? तो नुसता निथळतो, आणि निथळलेला घाम शरीराला थंड करत नाही. अशा वेळी उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडे अधिक रक्त धाडावे लागते. मग तेच रक्त स्नायूंना कमी पडते. एकाच रक्ताला दोन कामे! म्हणून दमट हवेत निष्णात धावपटूचाही वेग घटतो. तैपेईचा ऑगस्ट महिना असाच उष्ण आणि दमट असतो.

शेवटचा हिशेब भूमितीचा. एखादा धावपटू सर्व वळणांवर आतल्या कडेपासून १ मीटर बाहेरून धावला, तर प्रत्येक फेरीत त्याला २ × ३.१४ × १, म्हणजे ६.२८ मीटर जास्त पडतात. २५ फेऱ्यांत १५७ मीटर! सेकंदाला ५ मीटर वेगाने त्यातच ३१ सेकंद जातात. वळणावर सगळे आतल्या कडेला का झोंबतात, ते आता उमगले ना?

तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. शाळेच्या मैदानावर सारख्या लांबीच्या चार फेऱ्या आखा. एके दिवशी पहिली फेरी जोरात धावा. दोन दिवसांनी त्याच वेळी चारही फेऱ्या सारख्या वेगाने धावा. मित्राला प्रत्येक फेरीची वेळ टिपायला सांगा. धाव संपताच १५ सेकंद नाडी मोजा व तिला चाराने गुणा. दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी शेजारी मांडा.

मात्र प्रयोग सकाळच्या गारव्यातच करा. उन्हाळ्याची सवय शरीराला एकदम होत नाही, त्याला दहा-पंधरा दिवस लागतात. धावताना कोणाला गरगरले, मळमळले, किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर शिक्षकांनी त्याला लगेच थांबवून सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि डॉक्टरांना बोलवावे. शर्यत पुन्हा धावता येते. शरीराचा हिशेब मात्र चुकवून चालत नाही.