ताऱ्यांचे स्फोट (७) : आवक क्रमांक ५०२५

पांढऱ्या बटूंचं उरलेलं अर्धं आज सांगणार होतो. ते आता पुढच्या रविवारी. कारण एका वाचकांनी विचारलंय की, धूमकेतूला शोधणाऱ्याचं नाव मिळतं, मग सुपरनोव्हाला का नाही? माझ्या आवडीच्या विषयाला हात घातलाय, मग मी कसला थांबतो!

सुपरनोव्हा इतके सापडतात की, माणसांची नावं द्यायची सोयच नाही. सरकारी कचेरीत टपालावर आवक क्रमांक टाकतात, तसं त्यांचं असतं. आधी वर्ष, मग अक्षर. १९८७ए हा त्या वर्षातला पहिला, म्हणून ‘ए’. सव्वीस इंग्रजी अक्षरं संपली की लहान लिपीतल्या जोड्या, एए ते झेडझेड. तिथे ७०२ भरतात. मग तीन-तीन अक्षरं. २०१६पासून ही नोंदवही ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर असते. नवा ठिपका कळवला की नावाआधी ‘एटी’ लागतं. वर्णपट घेऊन सुपरनोव्हाची खात्री पटली की ‘एटी’ जाऊन ‘एसएन’ येतं.

आता ‘एसएन २०१६जीकेजी’ घ्या. जी सातवं अक्षर, के अकरावं. ७ गुणिले ६७६ (म्हणजे २६ गुणिले २६), अधिक ११ गुणिले २६, अधिक ७. उत्तर ५०२५.

या क्रमांकामागे आहेत अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहराचे व्हिक्टर बुसो. धंदा कुलूप-किल्ल्यांचा, वेड आकाशाचं. २० सप्टेंबर २०१६च्या रात्री ते आपल्या दुर्बिणीवर नवा कॅमेरा तपासत होते. त्या वेळी जवळजवळ डोक्यावर होती म्हणून एनजीसी ६१३ ही दीर्घिका निवडली. शहराचा उजेड फोटोत उतरू नये म्हणून २० सेकंदांचं एक्स्पोजर ठेवून ते फोटोंमागून फोटो घेत गेले. पहिल्या फोटोंत काही नव्हतं. मग सर्पिल भुजेच्या टोकाशी एक फिकट ठिपका आला आणि फोटोगणिक उजळत गेला.

मागे एका भागात ताऱ्याचा गाभा कोसळण्यापर्यंत आलो होतो. तिथून निघालेली आघातलाट ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचते, तेव्हाच बाहेरच्याला पहिला उजेड दिसतो. तो क्षण इतका थोडका की, व्यावसायिक वेधशाळांना सुपरनोव्हा दिसतो तोवर बहुधा तो उलटून गेलेला असतो. बुसोंनी साध्या प्रकाशात तो टिपला आणि लगेच इतरांना कळवलं. २०१८मध्ये ‘नेचर’मध्ये त्यावर शोधनिबंध आला, मेलिना बर्स्टेन आणि सहकाऱ्यांचा. सहलेखकांत बुसो आहेत.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर असं की, शोधणाऱ्याचं नाव ताऱ्याला लागत नाही, पण नोंदीत आणि निबंधात राहतं.

जाता जाता घरचा अभ्यास : जपानच्या कोइची इटागाकींनी १९ मे २०२३ रोजी एम१०१ दीर्घिकेत ‘२०२३आयएक्सएफ’ शोधला. त्याचा क्रमांक काढा. वर्षाचे पाच महिनेही झाले नव्हते, हे लक्षात ठेवून उत्तराकडे बघा. पडताळा पुढच्या रविवारी, पांढऱ्या बटूंच्या आधी.