काट्यावरचा मेद : घरगुती शरीरमापन यंत्राचे वाचन

चिकित्सालयात येणारा रुग्ण पूर्वी केवळ वजन सांगत असे. आता तो मोबाईलवर आकड्यांची मालिकाच समोर ठेवतो : चरबी, स्नायू, पाणी, हाडांचे वजन, एवढेच नव्हे तर ‘शरीराचे वय’! या आकड्यांचा अर्थ वैद्याने सांगावा, ही त्याची अपेक्षा रास्तच आहे. मात्र एका प्रसंगी आम्ही स्वतःच निरुत्तर झालो होतो, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

शरद ऋतूत पंचवटीतील एका मध्यमवयीन भगिनीस आम्ही विरेचन दिले. वेग उत्तम आले, शरीरास लाघव आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घरच्या काट्यावर पाहिले. वजन दीड किलोने उतरले होते, चरबीचा आकडा मात्र दोन टक्क्यांनी चढला होता. ‘‘डॉक्टर, वजन कमी झालं, मग चरबी वाढली कशी?’’ त्यांच्या या प्रश्नाने आम्हांस यंत्राचा अभ्यास करण्यास भाग पाडले.

यंत्र नेमके काय मोजते?

हा काटा चरबी मोजतच नाही. तो दोन गोष्टी प्रत्यक्ष मोजतो : वजन आणि विद्युत्‌रोध. तळपायाखालील धातूच्या पट्ट्यांतून अत्यंत सौम्य प्रवाह एका पायातून चढतो व दुसऱ्यातून उतरतो. चरबीविरहित शरीरभागात सुमारे ७३ टक्के पाणी असते, म्हणून तेथून प्रवाह सुलभतेने जातो. चरबी त्यास अडवते. या रोधावरून, उंची, वय व लिंग यांच्या आधारे, यंत्र सूत्राने शरीरातील पाण्याचा अंदाज बांधते. पाण्यावरून चरबीविरहित भाग काढते आणि उरलेल्या वजनास चरबी म्हणते.

विरेचनानंतर शरीरातील द्रवांश घटला, रोध वाढला आणि यंत्राने त्याचा अर्थ ‘चरबी वाढली’ असा लावला. शोथ असता याउलट घडते. पाणी अधिक असल्याने चरबी कमी भासते. नुकतेच प्यालेले पाणी मात्र पोटातच असल्याने रोधात फारसा फरक पडत नाही, केवळ वजन वाढते, आणि ते वजन चरबीच्या खात्यात जमा होते. शिवाय केवळ पायांचा काटा असेल तर प्रवाह मुख्यतः पाय व कटिभागातूनच जातो. हात, छाती व उदराचा हिशेब सूत्रच सांगते.

पुण्याचा धडा

असे असले तरी केवळ वजनावर विसंबणेही योग्य नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही बी.एम.आय. २२.३, परंतु क्ष-किरण तंत्राने मोजलेली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातही हेच सूत्र दिसले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो, तथापि वजनातील ही तूट त्वचेखालील मेदात त्या मानाने फारच थोडी होती. बारीक हातपाय आणि सुटलेले पोट असा रुग्ण आपण नित्य पाहतो. त्यास ‘वजन योग्य आहे’ असे सांगून परत पाठविणे धोक्याचे आहे.

अंजलिप्रमाणाचे स्मरण

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या सातव्या अध्यायात शरीरातील द्रव्यांचे प्रमाण ज्याच्या त्याच्या अंजलीने सांगितले आहे : उदक दहा अंजली, वसा तीन, मेद दोन. हे प्रमाण वृद्धी व ह्रास पावणारे आणि केवळ तर्क्य, म्हणजे अनुमानानेच जाणावयाचे आहे, असेही ते बजावतात. मेदधातू आणि यंत्राची ‘चरबी’ सर्वस्वी एकच आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु आकडा अनुमानाचा आहे आणि मोजमाप ज्याचे त्याच्यापुरते आहे, ही दृष्टी काट्यासही तंतोतंत लागू पडते.

रुग्णास काय सांगावे?

मापन सकाळी मलमूत्रविसर्जनानंतर, अन्नपान, व्यायाम, अभ्यंग व स्नान यांपूर्वी करावे. तळपाय स्वच्छ व कोरडे असावेत; तेलाचा थर वा पाददारीच्या भेगा आकडा बिघडवतात. नाशिकच्या पौष-माघातील थंडीत पाय गारठलेले असतानाही रोध वाढतो. काटा तोच, फरशी कठीण व सपाट असावी. आठवड्यातून एकदा नोंद करून किमान चार आठवड्यांचा कल पाहावा. ज्वर, अतिसार वा मासिक पाळी असल्यास नोंदीशेजारी तसे लिहावे. हृदयात पेसमेकर असणाऱ्यांनी हे यंत्र वापरू नये, गर्भिणींनीही टाळावे. सोबत मापनपट्टीने कंबर मोजावी : पुरुषांत ९० सें.मी. व स्त्रियांत ८० सें.मी. ही भारतीयांसाठीची मर्यादा आहे.

शेवटी आपल्या व्यवसायाविषयी एक शब्द. शोधनानंतर उतरलेले किलो ‘चरबी घटली’ म्हणून मिरविण्याचा मोह टाळला पाहिजे. त्यातील बराचसा भाग पाण्याचा असतो आणि संसर्जनक्रम पूर्ण होताच परत येतो. त्या भगिनींना आम्ही हेच समजावून सांगितले आणि महिनाभर काटा बाजूस ठेवून अग्नी, निद्रा, व्यायामशक्ती व कंबरेचे माप यांची नोंद ठेवण्यास सुचविले. दशविध परीक्षेत प्रमाण ही एक परीक्षा आहे; उरलेल्या नऊ वैद्यानेच करावयाच्या आहेत.