राजदूत करतो तरी काय?

आपल्या होस्टेलमध्ये अमेरिका हा विषय निघाला नाही असा एक आठवडा जात नाही. जीआरईचा स्कोअर, आय-ट्वेंटी, मुंबईचा व्हिसा इंटरव्ह्यू, डॉलरचा भाव. पण भारत आणि अमेरिका या दोन देशांच्या मध्ये बसून रोजचं काम करणारा माणूस कोण असतो, हे मात्र कोणी विचारत नाही. मी विचारलं, तर उत्तर मिळालं, "पार्ट्या करतो, फोटो काढतो!" म्हणून हा लेख.

परदेशात आपल्या सरकारची दोन प्रकारची कार्यालयं असतात. पहिलं राजदूतावास, म्हणजे एम्बसी. ते त्या देशाच्या राजधानीत असतं आणि सरकार सरकारशी बोलतं ते तिथून. दुसरं महावाणिज्य दूतावास, म्हणजे कॉन्सुलेट. ते इतर मोठ्या शहरांत असतं आणि त्याचा संबंध माणसांशी येतो. पासपोर्ट हरवला, कोणी तुरुंगात गेलं, कोणाचा मृत्यू झाला आणि पार्थिव गावी आणायचं आहे, अशा वेळी जायचं ते कॉन्सुलेटकडे. अमेरिकेत आपली एम्बसी वॉशिंग्टनला आहे. न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटा, सिएटल इथे कॉन्सुलेट आहेत.

न्यूयॉर्कच्या याच खुर्चीवर २०१३ मध्ये एक मराठी माणूस बसला. ज्ञानेश्वर मुळे. जन्म १९५८ चा, गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं अब्दुललाट. शिक्षण कोल्हापूरच्या विद्यानिकेतनात, म्हणजे तेही आपल्यासारखेच वसतिगृहात राहून शिकलेले. १९८३ मध्ये ते भारतीय परराष्ट्र सेवेत गेले. या सेवेत निवड झाली की एक परकी भाषा शिकावीच लागते. त्यांच्या वाट्याला जपानी आली. पुढे रशिया, मॉरिशस, सीरिया, मालदीव असे देश करत ते न्यूयॉर्कला पोचले. ‘माती, पंख आणि आकाश’ हे त्यांचं पुस्तक पुष्कळांना माहीत असेल.

ते तिथे असतानाच, डिसेंबर २०१३ मध्ये, त्याच कार्यालयातल्या उपमहावाणिज्यदूतांना अमेरिकन अधिकाऱ्यांनी अटक केली. आरोप घरकामगाराच्या व्हिसा अर्जाबाबतचा होता. दोन्ही देशांत मोठा वाद पेटला. मुद्दा कायद्याचा होता. राजदूतावासातल्या अधिकाऱ्याला १९६१ च्या व्हिएन्ना करारानं जवळपास पूर्ण संरक्षण मिळतं. कॉन्सुलेटच्या अधिकाऱ्याला १९६३ चा वेगळा करार लागू होतो आणि त्यात संरक्षण मुख्यतः सरकारी कामापुरतं असतं. भारतानं त्या अधिकाऱ्यांची बदली संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या कार्यालयात केली. तिथे पूर्ण संरक्षण मिळालं आणि जानेवारी २०१४ मध्ये त्या भारतात परतल्या. एका शहरातली दोन भारतीय कार्यालयं, पण कायद्याच्या नजरेत फरक एवढा!

आता दुसरं टोक पाहू. अनातोली दोब्रिनिन हे रशियन. आपल्याच जातीचे, म्हणजे इंजिनिअर! मॉस्कोच्या एव्हिएशन इन्स्टिट्यूटमधून शिकून विमानांच्या डिझाइन ब्युरोत काम करत होते. १९४४ मध्ये त्यांना राजनयाच्या शाळेत पाठवलं. १९६२ मध्ये ते वॉशिंग्टनला सोव्हिएत राजदूत झाले आणि १९८६ पर्यंत तिथेच राहिले. चोवीस वर्षं, केनेडी ते रेगन असे सहा राष्ट्राध्यक्ष!

पहिल्याच वर्षी क्यूबाचं संकट आलं. क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं ठेवली आहेत हे खुद्द या राजदूताला त्यांच्या सरकारनं सांगितलं नव्हतं. २७ ऑक्टोबरच्या रात्री राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी त्यांना भेटले. तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रं काढू, पण हे जाहीर करायचं नाही, असा निरोप होता. जग अणुयुद्धाच्या काठावर होतं, आणि दोब्रिनिन यांचे असले निरोप मॉस्कोला जायचे कसे? सांकेतिक आकड्यांत लिहून तार कंपनीला फोन करायचा. मग एक मुलगा सायकलवर येऊन तो कागद घेऊन जायचा. वाटेत तो कुठे थांबू नये एवढीच आशा!

निरोप उशिरा पोचला तर काय होतं हे कारध्याला समजावून सांगायला नको. वैनगंगेचं पाणी मध्य प्रदेशातून येतं. कारध्याच्या पुलाजवळ धोक्याची पातळी २४५.५० मीटर. वरच्या धरणातून किती पाणी सोडलं हे वेळेत कळलं तर माणसं, गुरं हलवता येतात. ऑगस्ट २०२० चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना विचारा. मॉस्को आणि वॉशिंग्टननंही तोच धडा घेतला. १९६३ मध्ये दोघांनी थेट हॉटलाइन टाकली. सिनेमात दाखवतात तसा लाल फोन नव्हे, तर टेलिप्रिंटर. कारण बोलण्यात चूक होते, लिहिलेलं पुन्हा वाचता येतं.

मला यातून एवढंच कळलं की राजदूत असो की कॉन्सुलेटचा अधिकारी, काम एकच. निरोप न बिघडवता, वेळेत, योग्य माणसाकडे पोचवणं. दोब्रिनिन यांनी तो दोन सरकारांमध्ये पोचवला. मुळे यांनी सरकार आणि सामान्य माणूस यांच्यामध्ये. पुढे ते दिल्लीत पासपोर्ट विभागाचे सचिव असताना, २०१७ पासून, टपाल कार्यालयांत पासपोर्ट केंद्रं सुरू झाली. पूर्वी पासपोर्ट म्हटलं की आपल्याकडच्या माणसानं नागपूरच गाठायचं.

तेव्हा दोस्तांनो, दोन गोष्टी. एमएसला जाणार असाल तर तुमचं राज्य कोणत्या कॉन्सुलेटखाली येतं ते आधी पाहा आणि तिथला आणीबाणीचा नंबर पासपोर्टसोबत घरीही लिहून ठेवा. आणि यूपीएससीचा विचार असेल तर सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल हे विषय तिथे घेता येतात. परराष्ट्र सेवा ही फक्त इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्यांची मक्तेदारी नाही. अब्दुललाटहून जाता येतं, तर कारध्याहून का नाही?