दया नको, सत्तेत वाटा हवा!

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा घ्या, नाहीतर मराठवाड्यातले दुसरे कोणतेही गाव घ्या. ग्रामसभा भरली की आमचा एकच प्रश्न असतो. कुबडीवर चालणारी बाई, डोळ्यांनी अधू असलेला तरुण या सभेत कुठे बसतो? पंचांच्या रांगेत, की दाराबाहेरच्या पायरीवर? ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी, असा शासनाचा आदेश आहे. पण ती कशावर खर्चायची हे ठरवताना अपंगच हजर नसेल, तर हक्काच्या पैशाची खिरापत व्हायला वेळ लागत नाही.

२०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द दिला. आंबेडकरी माणसाला या गोष्टीत नवे काही दिसत नाही. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात लोकल बोर्डाच्या विधेयकातून अस्पृश्यांवर 'हरिजन' हे नाव लादले जात होते. तेव्हा बाबासाहेब आपल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. गोड नाव देऊन गुलामी संपत नाही, हे आम्ही तेव्हाच शिकलो.

बच्चू कडू अपंगांसाठी वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरले. २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. हे श्रेय आम्ही नाकारत नाही. पण कडू स्वतः अपंग नाहीत. आमचे प्रतिनिधी आम्हीच, हा बाबासाहेबांचा आग्रह अपंगांनाही लागू आहे.

अपंगाला कारभार जमेल का, असे विचारणाऱ्यांनी नाशिक जिल्ह्यातील दहेगावकडे पाहावे. कुबड्या घेऊन चालणाऱ्या कविता भोंडवे २०११ मध्ये ऐन पंचविशीत तिथे सरपंच झाल्या. त्याच्याही कितीतरी आधी, १९५३ मध्ये, साधन गुप्ता हे दृष्टिहीन वकील कोलकात्यातून लोकसभेवर निवडून गेले होते. माणसे कमी नव्हती. दार बंद होते.

ते आजही पुरते उघडलेले नाही. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना राखीव जागा दिल्या, अपंगांना दिल्या नाहीत. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण दिले, सभागृहात काहीच नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग नोंदले गेले. एवढ्या लोकांच्या नावाची एकही जागा नाही! तामिळनाडूने २०२५ मध्ये स्थानिक संस्थांवर अपंग सदस्य नेमण्याचा कायदा केला. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राने त्याच्या पुढे जावे. नेमणूक नव्हे, निवडून येण्याची राखीव जागा द्यावी.

पण सरकारकडे बोट दाखवण्याआधी आम्ही स्वतःलाही विचारले पाहिजे. आमच्या विहाराला चाकाची खुर्ची चढेल असा उतार आहे काय? आमच्या पक्षांनी तिकीट वाटताना किती अपंग कार्यकर्त्यांचा विचार केला? दलित, बाई आणि वर अपंग, अशी तिहेरी मार खाणारी बहीण आमच्याच वस्तीत राहते. ३ डिसेंबरला तिच्या हाती फुलांचा गुच्छ देऊन आमचे कर्तव्य संपत नाही. तिला मंचावर बोलवा, माईक तिच्या हाती द्या आणि येत्या निवडणुकीत उमेदवारीचा अर्जही.