गुळगुळीत सरफेसमागची धुसफूस

संगणकावरच्या सरफेस मॉडेलिंगची अधिकृत कथा सर्वांना ठाऊक आहे. रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी वक्ररेषा गणितात बसवल्या, मोटारींचे पत्रे पडद्यावर आखता येऊ लागले, मागोमाग विमानं आली आणि आज पुण्याच्या हिंजवडीत किती तरी मुलंमुली दिवसभर पॅच ताणत बसतात. ही झाली प्रेक्षागृहातून दिसणारी गोष्ट. विंगेत उभं राहिलेल्यांना दिसते ती वेगळी, आणि तिच्यात आकारापेक्षा जोडांची भानगड जास्त. आकार कुणीही काढतो. एक आकार दुसऱ्याला भेटतो तिथे खरी मजा सुरू होते.

बेझिए यांच्यापासूनच सुरुवात करू. वक्राला नाव त्यांचं लागलं, पण तोच वक्र १९५९ मध्ये पॉल द कास्तेलजो या तरुण गणितज्ञाने सित्रोएनमध्ये, म्हणजे रेनोच्या प्रतिस्पर्ध्याकडे, मांडून ठेवला होता. सित्रोएनला ते काम इतकं मोलाचं वाटलं, की कास्तेलजो यांचे अहवाल गुपित म्हणून बंद करून ठेवले गेले. बेझिए यांचं काम मात्र छापून आलं, म्हणून जगाला बेझिए कळले. सत्तरच्या दशकाच्या मध्यात वोल्फगांग बोम या जर्मन गणितज्ञाच्या हाती ते जुने अहवाल लागले, तेव्हा कुठे कास्तेलजो यांचं नाव निदान तो वक्र मोजण्याच्या रीतीला मिळालं. आता यातली खरी मेख ऐका. बेझिए स्वतः आपल्या सूत्रांचं श्रेय ओनेझिम द्युरां नावाच्या प्राध्यापकांना देत असत. ज्यांनी आधी शोधलं ते गप्प, ज्यांचं नाव झालं ते दुसऱ्याकडे बोट दाखवतायत, आणि तो दुसरा प्राध्यापक या पृथ्वीवर कधी जन्मलाच नव्हता!

या वक्रांनी बनवलेली सर्वांत प्रसिद्ध वस्तू मोटार नाही, किटली आहे. १९७५ मध्ये युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल यांना चाचणीसाठी ओळखीचा पण वळणदार आकार हवा होता. चहा पिताना पत्नी सँड्रा यांनी सुचवलं, समोरचीच भांडी घे की. न्यूवेलनी ग्राफ पेपरवर किटली काढली, तिचे पॅच पाडले आणि आकडे वाटून टाकले. पुढे जगभर ज्याने त्याने आपलं नवं सॉफ्टवेअर तिच्यावरच तपासलं. ‘टॉय स्टोरी’तही ती दिसते. पण ही किटली घेऊन कुठल्याही टूल रूममध्ये गेलात, तर तिथला माणूस ती परत पाठवेल. मूळ आकृतीत २८ पॅच होते आणि बुडाला एकही नव्हता. बुडाचे चार नंतर कुणीतरी लावले, तेव्हा ३२ झाले. भिंतींना जाडी नाही. तोटी पोटात नुसती घुसवलेली, जोडावर भोकच पाडलेलं नाही. सरफेस आणि सॉलिड यांतला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. जगातल्या सर्वांत देखण्या किटलीतून चहाचा एक थेंबही बाहेर पडू शकत नाही.

सॉलिडच्या बाजूची धुसफूस केंब्रिजमधली. इयन ब्रेड, चार्ल्स लँग आणि ॲलन ग्रेयर यांनी १९७४ मध्ये इतरांसह शेप डेटा नावाची कंपनी काढली. मॉडेलिंगचं सगळं गणित सांभाळणारा गाभा, म्हणजे कर्नल, विकायचा हा धंदा. त्याच कंपनीतून पुढे पॅरासॉलिड आलं. पण तोवर हे तिघे बाहेर पडले होते आणि त्यांनी स्पेशल या अमेरिकी कंपनीसाठी दुसरा कर्नल लिहिला, एसिस. नावातली पहिली तीन अक्षरं ॲलन, चार्ल्स, इयन यांचीच आहेत. म्हणजे दोन कट्टर प्रतिस्पर्धी एकाच घरातले. फ्रान्सच्या दासो सिस्टीम्सने १९९७ मध्ये सॉलिडवर्क्स हे मॉडेलिंग सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि २००० मध्ये एसिसही घेतलं. सॉलिडवर्क्स मात्र चालतं पॅरासॉलिडवर, आणि पॅरासॉलिड २००७ पासून सीमेन्सकडे, म्हणजे दासोच्या थेट स्पर्धकाकडे आहे. आपला लोकप्रिय माल प्रतिस्पर्ध्याच्या इंजिनावर धावतोय, हे ठाऊक असूनही दासोला ते इंजिन आजवर बदलता आलेलं नाही.

याचा हिशोब चुकता करतो तो डिझाइन ऑफिसातला इंजिनिअर. दासोच्याच कॅटिया या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या मापात हजारांश मिलिमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू एकच मानले जातात. पॅरासॉलिडची मर्यादा त्याहून शंभरपट बारीक. ग्राहकाकडून आलेला बंपर तिकडे अखंड असतो. तीच फाइल इकडे उघडली, की दोन पॅचच्या मध्ये फटी दिसू लागतात आणि स्टिच होता होत नाही. मग एकेक कड शोधायची, बारीक चिंधीसारखे पॅच काढून टाकायचे, तिथे नवा सरफेस भरायचा आणि तो शेजाऱ्यांना नुसता टेकवायचा नाही, तर वळणासकट जुळवायचा. टेकलं की जी-झिरो, स्पर्शिका जुळली की जी-वन, वक्रता जुळली की जी-टू. झेब्राचे पट्टे लावले, की जोडावर कुणी कामचुकारपणा केलाय ते लगेच दिसतं: जी-वनवर पट्टा मोडतो, जी-टूवर वाहत जातो. कॅटिया आणि सॉलिडवर्क्स दोन्ही दासोचीच. तरी त्यांचा संसार जुळवायला तिसराच माणूस ओव्हरटाइम करतो.

पुण्यातल्या एका ऑफिसात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. प्लॅस्टिकचं झाकण होतं, वरून काचेसारखं सुरेख. आतून २.५ मिलिमीटरची भिंत ठेवून पोकळ करायचं होतं, आणि शेल काही केल्या लागेना. सॉफ्टवेअरला शिव्या घालून झाल्या, मशिन बदलून झालं, शेवटी खात्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सरांनी सपोर्टला फोन लावून चांगलंच सुनावलं. पलीकडच्या मुलीने शांतपणे एकच प्रश्न विचारला, “सर, मिनिमम रेडियस किती आहे?” तपासलं, तर एका कोपऱ्यावर २ मिलिमीटरची फिलेट, म्हणजे कडेची गोलाई. बाहेरची त्रिज्या २ आणि भिंत २.५, म्हणजे आतली त्रिज्या उणे अर्धा. असं वळण जगात अस्तित्वातच नसतं. फिलेट कुणी लावली, हे पाहायला फीचर ट्री उघडला. तिथे फोनवरच्या सरांचंच नाव होतं.

फीचर ट्रीची स्वतःची भानगड तर याहून जुनी. १९८८ मध्ये प्रो-इंजिनिअर आलं आणि मॉडेलला इतिहास मिळाला: आधी स्केच, मग एक्स्ट्रूड, मग फिलेट, आणि मागचं एक माप बदललं की पुढचं सगळं आपोआप नवं. बाजारपेठ भारावून गेली. पण ‘सातव्या कडेला फिलेट लाव’ असं लिहून ठेवलं आणि मागे कुणी एक भोक वाढवलं, की सातवी कड आता कोणती? फिलेट भलत्याच कोपऱ्यावर जाऊन बसते, किंवा ट्री लाल होतो. महागड्या कंपन्यांनी आपापल्या युक्त्या बंद कपाटात ठेवल्या. फुकट आणि खुलं असलेलं फ्रीकॅड मात्र या दुखण्याने सर्वांसमोर कण्हत राहिलं. एका स्वयंसेवकाने त्यावरचं औषध आपल्या वेगळ्या आवृत्तीत तयार केलं आणि ते मूळ झाडात आणायला बाकीच्यांना बराच काळ खपावं लागलं. २००२ मध्ये सुरू झालेल्या फ्रीकॅडने आवृत्ती १.० म्हणायची हिंमत केली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये, कडांची नावं टिकायला लागल्यावर.

जोड एका पार्टमध्ये बिघडला तर संध्याकाळ जाते. विमानात बिघडला तर काय जातं, ते एअरबसने दाखवलं. ए३८०च्या पोटात सुमारे ५३० किलोमीटर वायर आहे. जर्मनी आणि स्पेनमधली माणसं कॅटियाच्या चौथ्या पिढीवर काम करत होती, फ्रान्स आणि ब्रिटनमधली पाचव्या. नाव एकच असल्याने दुरून सगळं एकच वाटायचं, पण आत दोन वेगळी सॉफ्टवेअरं होती आणि एकीकडचे बदल दुसरीकडे नीट पोचत नव्हते. हॅम्बुर्गहून आलेले भाग तुलूझला जोडायला घेतले, तर वायरी तोकड्या पडल्या. जून २००६ मध्ये उशीर जाहीर झाला आणि मूळ कंपनीचा शेअर एका दिवसात २६ टक्के घसरला. त्याच वर्षी एअरबसच्या प्रमुखाची खुर्ची दोनदा रिकामी झाली. नव्या साहेबांनी जेमतेम शंभर दिवस काढले.

हे टाळता आलं असतं का? नक्कीच, आणि पुरावा त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. बोइंगने ७७७ त्याच फ्रेंच कॅटियावर आखलं आणि जपानी भागीदारांनाही त्याच साच्यात बसवलं. डिझाइन करणारे आणि बनवणारे एका टीममध्ये, सर्वांचे पार्ट एका सामाईक मॉडेलमध्ये, आणि कुणाचा पाइप कुणाच्या ब्रॅकेटमध्ये घुसतोय ते पडद्यावरच उघड. तरी जुन्या जाणत्यांना खात्री वाटेना, म्हणून नाकाचा एक पूर्ण आकाराचा मॉकअप बनवून घेतला. तो इतका बिनचूक बसला, की पुढचे मॉकअप रद्द झाले. १९९४ च्या जूनमध्ये विमान उडालं, एअरबसच्या त्या जून महिन्याआधी तब्बल १२ वर्षं.

म्हणून नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, कमांड आठवड्याभरात येतील. गुंतागुंतीचा पार्ट हाती आला, की आधी त्याचा सांगाडा आखा: कुठली प्रतलं, कुठले अक्ष, कुठल्या सीमारेषा सर्वांच्या मालकीच्या, आणि त्या बदलायचा अधिकार कुणाचा. मोठे पॅच आधी, फिलेट सर्वांत शेवटी. फीचरला माणसाला कळेल असं नाव द्या, कारण वर्षभराने ती फाइल दुसरंच कुणीतरी उघडणार आहे. आणि शेजारच्या टीमची आवृत्ती कोणती, हे पहिल्या दिवशी विचारा. असा प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कुठल्याच वक्राला लागत नाही, पण त्याच्या हातची भोकं जागेवर जुळतात आणि वायरी पुरून उरतात. या धंद्यात मी सर्वांत जास्त मान त्यालाच देतो.