खोली एक, कुटुंबे किती?

स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्याने कोणालाही न दिलेले भाडे हिशेबात कसे धरावे, हा गेल्या खेपेस कबूल केलेला विषय आज पुढे ढकलीत आहे. कारण चेन्नईच्या उत्तरेस, उपनगरी लोहमार्गावर वसलेल्या गुम्मिडिपूंडीहून एका वाचकाने जो प्रश्न पाठविला आहे, तो भाड्याच्याही आधीचा असून त्याचा निवाडा झाल्यावाचून पुढची सारी चर्चा निराधार राहील.

पत्रलेखक मूळचे मराठवाड्यातले, गुम्मिडिपूंडीच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीत नोकरीस असलेले. चौघांनी मिळून एक खोली घेतली आहे. दिवसाचे जेवण कारखान्याच्या कँटीनमध्ये, रात्रीचे मेसवर, आणि खोलीत स्वयंपाक म्हणून नाहीच. ते विचारतात : पाहणीचा माणूस दारी आला, तर तो आम्हांला एक कुटुंब म्हणून लिहील, चार म्हणून लिहील, की आमची नावे गावाकडच्या घरातच राहतील?

1950 साली संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने या प्रश्नाचे उत्तर आपल्या नियमांत स्पष्टपणे देऊन ठेवले आहे. तिच्या लेखी कुटुंब केवळ रक्ताच्या नात्याने ठरत नाही, केवळ एका छपराने तर नाहीच. सामान्यतः एकत्र राहणारी आणि एका चुलीवरचे अन्न खाणारी माणसे ती एक कुटुंब. वसतिगृहात वा मेसच्या आश्रयाने राहणारा प्रत्येक इसम हे स्वतंत्र, एकमाणशी कुटुंब. मात्र काहीजण मिळकत एकत्र करून खर्च चालवीत असतील, तर ते सारे मिळून एक. सहा महिन्यांहून कमी काळ घराबाहेर असलेला माणूस मूळ घरातच मोजला जातो, त्याहून अधिक काळ गेला की त्याचे नाव तेथून उतरते. तेव्हा पत्रलेखकांची खोली म्हणजे चार कुटुंबे. उद्या या चौघांनी गॅसची शेगडी आणून शिधा सामाईक भरला, की त्याच चार भिंतींत कुटुंब एकच.

हा तपशील दफ्तरातील कारकुनी बारकावा समजून सोडून देणारे पुष्कळ आहेत, आणि त्याचे मला मनस्वी वाईट वाटते. कारण गरीब कोण, हे बऱ्याच अंशी येथेच ठरते. केवळ उदाहरणादाखल असे धरू की पत्रलेखकांना महिना 18,000 रुपये मिळतात, त्यांतले 9,000 ते गावी पाठवितात आणि उरलेल्या 9,000 त स्वतःचे भागवितात. गावी आईबाप, पत्नी व दोन मुले अशी पाच माणसे असून दुसरी आवक नाही. 2023-24 च्या पाहणीत दरडोई मासिक खर्चाची राष्ट्रीय सरासरी शहरी भागात 6,996 आणि ग्रामीण भागात 4,122 रुपये आली. भाड्याच्या खोलीचा चौथा हिस्सा वाट्यास आलेला हा कामगार 9,000 च्या खर्चाने शहरी सरासरीच्या वर जाऊन बसतो, आणि त्याचे गावचे घर माणशी 1,800 रुपयांवर, सरासरीच्या निम्म्याहूनही खाली उतरते. तोच जर गावच्या चुलीत मोजला गेला असता, तर सहा माणसांत 18,000, म्हणजे माणशी 3,000. पैसा तोच, माणसे तीच. परंतु एका नियमाने एक सुखवस्तू आणि एक दरिद्री अशी दोन घरे निर्माण होतात. घरांच्या पाहणीतही हीच गत : येथे तो भाडेकरू, आणि गावी त्याचेच कुटुंब स्वतःच्या घराचे मालक.

अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी 1971 साली दारिद्र्याचा जो सुप्रसिद्ध हिशेब मांडला, तो राष्ट्रीय नमुना पाहणीच्या खर्चाच्या आकड्यांवरच. मिळकत सरळ विचारून पाहण्याचे प्रयोगही झाले. परंतु 1983-84 च्या प्राथमिक चाचणीत लोकांनी सांगितलेली मिळकत त्यांच्याच खर्च व बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरली. शेतकरी व दुकानदार यांच्याकडे मिळकतीची स्वतंत्र वही नसते, हे त्याचे एक कारण. 2025 मध्ये मिळकतीच्या देशव्यापी पाहणीसाठी अर्थतज्ज्ञ सुरजित भल्ला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञसमिती नेमली गेली, तेव्हा मला प्रथम आठवली ती अशा कामगाराची गावी जाणारी मनिऑर्डर. कारण तोच पैसा गुम्मिडिपूंडीत पगार म्हणून आणि गावी आवक म्हणून दोनदा लिहिला जाऊ नये, याची तजवीज प्रश्नावलीतच करावी लागते.

गुम्मिडिपूंडीतच श्रीलंकेहून आलेल्या तमिळ निर्वासितांची मोठी छावणी आहे, आणि कोणाला कोठे मोजावे याची चर्चा चालली असता तिचा उल्लेख टाळणे मला अप्रामाणिक वाटेल. खानेसुमारीत देशात राहणारा प्रत्येक माणूस मोजला जातो, नागरिक असो वा नसो. नमुना पाहणीच्या नियमांत मात्र परदेशी नागरिक वगळलेले आहेत. त्यामुळे तेथे चुली पेटतात, मुले वाढतात, मजुरी मिळते, तरीही नागरिकत्व न मिळालेल्या त्या घरांची अवस्था या आकड्यांत उमटत नाही. अशा वस्त्यांसाठी स्वतंत्र पाहणी हवी, असे माझे ठाम मत आहे.

आता पत्रलेखकांना एवढेच सुचवितो की पाहणीचा माणूस आला तर खोलीला कुलूप असल्याने बहुधा शेजाऱ्यालाच विचारील. तेव्हा आपण चौघे वेगवेगळे जेवता, हे शेजाऱ्याला ठाऊक असू द्यावे. न दिलेल्या भाड्याचे प्रकरण पुढील आठवड्यात.