अर्धा माल आधी पाहा, मगच पुढचे पैसे द्या
संगणक कंपन्यांतील 'अजाइल' पद्धत आणि आपला धंदा

संगणकाचा प्रोग्राम तयार करण्याचे काम पूर्वी बहुधा इमारत बांधल्यासारखे चाले. आधी सगळ्या मागण्या कागदावर, मग आराखडा, मग काम, आणि दोन-तीन वर्षांनी माल एकदम ग्राहकाच्या हाती. तोवर ग्राहकाची गरजच बदललेली असे. नमुना न पाहता सबंध बीम विणून घेण्यासारखाच हा प्रकार होय.

यावरचा उपाय म्हणजे 'अजाइल', अर्थात चपळ पद्धत. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे 17 जाणकारांनी एकत्र बसून तिचा जाहीरनामा लिहिला. कागदपत्रांच्या ढिगापेक्षा चालणारा प्रोग्राम मोलाचा आणि करारावर हुज्जत घालण्यापेक्षा ग्राहकाला सोबत घेणे मोलाचे, असा त्याचा मथितार्थ आहे.

या पद्धतीतील 'स्क्रम' ही रीत सर्वाधिक प्रचलित आहे. कोणते काम आधी, हे एकच जबाबदार माणूस ठरवितो. साधारण दहा जणांची तुकडी रोज पंधरा मिनिटे एकत्र येऊन कोठे अडले ते सांगते. दोन ते चार आठवड्यांत एक भाग पुरा करून ग्राहकाला चालवून दाखविते. चूक निघाली तर नुकसान तेवढ्याच भागाचे.

अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपास खात्याचे उदाहरण बोलके आहे. गुन्ह्यांच्या फायली संगणकावर आणण्याची त्यांची पहिली योजना सुमारे 17 कोटी डॉलर खर्चून 2005 मध्ये सोडून द्यावी लागली. 2006 मध्ये 'सेंटिनल' ही दुसरी योजना एका मोठ्या कंपनीकडे दिली, तीही रेंगाळली. अखेर 2010 मध्ये खात्याने काम स्वतःच्या हाती घेतले, तुकडी लहान केली आणि दर दोन आठवड्यांनी तयार भाग तपासणे सुरू केले. जुलै 2012 मध्ये सेंटिनल सर्व कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाले.

मात्र ही पद्धत म्हणजे जादू नव्हे. ग्राहकाने वेळ दिला नाही, रोज नवी फर्माईश केली, तर खर्च वाढतच जातो.

आपल्यापैकी पुष्कळजण बिलाचा किंवा स्टॉकचा प्रोग्राम खास बनवून घेतात. 1 जुलै 2017 रोजी जी.एस.टी. आला आणि बिलाची सारी मांडणीच बदलली. असे बदल पुढेही होणारच. म्हणून सबंध रकमेचा सौदा एकदम करू नये. आधी फक्त बिल, मग स्टॉक, मग उधारीची वसुली, असे टप्पे पाडावेत. प्रत्येक टप्पा आपल्या मुनीमजींनी दुकानात बसून चालवून पाहावा आणि पसंत पडल्यावरच पुढचा हप्ता द्यावा. थान उलगडून पाहिल्याशिवाय आपण कापड घेत नाही. तोच कायदा येथेही लावावा.